मोठ्या कुटुंबासाठी डोंगरातला शांत बंगला निवडताना: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

मोठ्या कुटुंबाच्या सहलीत बहुतेक वेळा पहिलं काम होतं फोटो बघण्याचं. कुणीतरी धुक्यातल्या बंगल्याचा फोटो ग्रुपवर टाकतो, अंगठ्यांची रांग लागते आणि त्याच रात्री विसार भरला जातो. माणसं नक्की किती, आजींना पायऱ्या चढवतील का, शेजारी काय आहे, टाकीत पाणी किती, हे सगळं तिथे पोचल्यावर कळतं. मग आजोबा हॉलमध्ये गादीवर, रात्री बारापर्यंत शेजारच्या बंगल्यात स्पीकर आणि सकाळी बाथरूमपुढे रांग.

यात बंगल्याचा दोष कमी आणि क्रमाचा जास्त असतो. पुढच्या पायऱ्या १५ ते २५ माणसांचं कुटुंब, दोन-तीन रात्री आणि सह्याद्री किंवा सातपुडा हे धरून लिहिल्या आहेत. त्या याच क्रमाने करा. फोटो सहाव्या पायरीपर्यंत बघूच नका.

१. आधी यादी, नावानिशी

“साधारण वीस जण” हे उत्तर चालत नाही. कागदावर प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे चार गोष्टी नोंदवा: वय, गुडघे-कंबर-दमा असं काही, खाण्याचं पथ्य आणि किती रात्री राहणार. ऐनवेळी “आम्ही फक्त एक रात्र येतो” म्हणणारे काका-काकू प्रत्येक घरात असतात. त्यांना आत्ताच विचारा. ड्रायव्हरचं नावही यादीत हवं. घाटातून परत आणणाऱ्या माणसाला नीट झोप मिळालीच पाहिजे. तो गाडीत झोपेल हे गृहीत धरणं चुकीचं आहे आणि धोक्याचंही.

आता माणसांवरून खोल्या काढा. समजा आजी-आजोबा, चार जोडपी, दोन आत्या, सात मुलं आणि ड्रायव्हर, म्हणजे २० जण. आजी-आजोबांना तळमजल्यावर एक खोली, जोडप्यांना चार, आत्यांना एक, मुलांना एक मोठी खोली. या झाल्या सात, शिवाय ड्रायव्हरची सोय वेगळी. तान्हं बाळ असेल तर त्या जोडप्याची खोली मुलांच्या आणि आजोबांच्या खोलीपासून लांब हवी.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. “२० जणांची सोय” असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, त्यात पुष्कळदा चार खोल्या आणि हॉलमध्ये टाकलेल्या गाद्या असतात. हॉलमध्ये कुणी झोपलं की घराची शांतता संपलीच म्हणा. रात्री उशिरा झोपणारे आणि पहाटे उठणारे दोघेही त्याच हॉलमधून जातात, चहाही तिथूनच जातो. म्हणून नियम ठेवा: प्रत्येक मोठ्या माणसाला दार लावता येईल अशी खोली आणि हॉलमध्ये रात्री कुणीही नाही. सात खोल्यांचा बंगला मिळत नसेल तर एकाच आवारातले दोन छोटे बंगले घ्या. खरं तर मला तीच सोय अधिक पसंत आहे. एका घरात पत्ते आणि गाणी रंगू देत, दुसऱ्या घरात दिवे लवकर मालवता येतात.

*तपासा:* चार माणसांमागे एक बाथरूम. तळमजल्यावरच्या खोलीला लागून कमोड असलेलं एक तरी.

२. शांतता म्हणजे कुणाला काय, हे विचारून घ्या

दहा मिनिटांचं काम आहे, पण हेच टाळलं जातं. आजोबांना दुपारी दोन तास कुणी हाक मारू नये एवढंच हवं असतं. मुलांना पळायला अंगण हवं. कॉलेजातल्या भावंडांना मोबाइलला रेंज हवी, आणि एखाद्या जावयाला शुक्रवारी दुपारपर्यंत लॅपटॉपवर काम असतं. प्रत्येकाकडून एकच अट घ्या, “ही नसेल तर मी येणार नाही” अशी. बाकीच्या इच्छा सोडून द्या. अशा पाच-सहा अटी निघतात आणि पुढची निवड त्यांच्यावरच करायची असते.

निर्णय घेणारी माणसं दोनच ठेवा: एक पैसे बघणारा, एक मालकाशी बोलणारा. ग्रुपवर मतदान घेऊन बंगला ठरवला की सगळ्यांत सुंदर फोटो जिंकतो.

३. तारीख ठरवा, जागा नंतर

जागा कितीही आडबाजूची असो, चुकीच्या तारखेला ती शांत राहत नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा २ ऑक्टोबर शनिवार-रविवारला जोडून आले, की घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा तर शांततेसाठी बादच समजा. सोमवार ते गुरुवार मिळत असेल तर तोच घ्या. भाडं कमी असतं आणि शेजारचे बंगलेही बहुधा रिकामे असतात. शाळा सांभाळूनच जायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, भाऊबीज उरकल्यावरचे, बरे पडतात.

हंगामाचे काही सापळे लक्षात ठेवा. भंडारदऱ्याला मे अखेर ते जून काजव्यांसाठी झुंबड उडते, त्या शनिवारी रात्री तिथे शांतता शोधू नका. साताऱ्याजवळ कासची फुलं फुलली की बामणोलीकडे जाणारा रस्ता भरून वाहतो. महाबळेश्वरला जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी कमी असते, पण दिवसभर धुकं, कपडे वाळत नाहीत आणि गाद्यांना ओल धरते. संधिवात किंवा दमा असलेलं कुणी बरोबर असेल तर तो काळ टाळलेला बरा. जानेवारीचा मधला पंधरवडा मला सगळ्यांत चांगला वाटतो. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, गर्दी ओसरलेली. फक्त पांघरुणं मोजून मागा.

४. किती तास गाडीत बसणार, यावरून ठिकाण

यादीतल्या सगळ्यांत नाजूक माणसाला किती तास बसवेल, ती तुमची मर्यादा. लहान मुलं आणि सत्तरीपुढची माणसं बरोबर असतील तर थांब्यांसह पाच तासांपुढे जाऊ नका. घाटात गाडी लागणारे कोण, तेही आत्ताच विचारा. त्यांना पुढची जागा द्यायची, निघताना पोट भरून खाऊ घालायचं नाही आणि आलेपाकाची वडी हाताशी ठेवायची.

*माथेरान.* दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी असल्यामुळे हॉर्न नाही, धूर नाही. शांततेच्या दृष्टीने महाराष्ट्रातलं एवढं जवळचं दुसरं ठिकाण सापडणं कठीण. पण दस्तुरीपासून गावात सुमारे अडीच किलोमीटर जायचं असतं, तेही सामानासह. पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेच्या शटलने. आजी-आजोबा कशाने जाणार हे ठरल्याशिवाय इथला बंगला घेऊ नका. बंगला बाजारापासून लांब असेल तर तिथून पुढचं चालणंही मोजा.

*भंडारदरा.* मुंबईहून कसारा घाट आणि घोटीमार्गे, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे. धरणाजवळच्या शेंडी गावात वर्दळ असते. रतनवाडीच्या बाजूला शांत, पण दुकान आणि दवाखाना लांब पडतात.

*तापोळा.* महाबळेश्वरपासून सुमारे २५ किलोमीटर, वळणावळणाच्या उताराचे. कोयनेच्या जलाशयाकाठी आहे आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेची गडबड इथवर पोचत नाही. गाडी लागणाऱ्यांसाठी मात्र हा शेवटचा तास जड जातो.

*आंबोली.* कोल्हापूर, बेळगाव, गोवा आणि तळकोकणातल्या कुटुंबांना सोयीची. पावसाळ्यात पाऊस इतका असतो की मुलं चार भिंतींत अडकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

*चिखलदरा, तोरणमाळ.* विदर्भातल्यांनी परतवाड्याहून चिखलदरा आणि खानदेशातल्यांनी शहाद्याहून तोरणमाळ हे पर्याय आधी बघावेत. महाबळेश्वरला जायचं म्हणून वीस माणसांना रात्रभर गाडीत बसवण्यात काही अर्थ नाही. दोन्हीकडे खासगी बंगले थोडे आहेत, त्यामुळे पर्यटन महामंडळाच्या निवासात लागून असलेल्या खोल्या मिळतात का ते विचारा.

लोणावळा आणि पवना धरणाचा परिसर मुंबई-पुण्याला जवळ आहे म्हणून बहुतेकांच्या यादीत पहिला येतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी जरूर जा. शनिवारी पवनेच्या काठावर तंबू आणि स्पीकर असतात, आणि पाण्यावरून आवाज लांबवर येतो.

५. बंगल्याच्या आधी त्याचे शेजारी

पाच-सहा बंगल्यांची नावं गोळा झाली की मोबाइलच्या नकाशावर उपग्रहचित्र उघडा. बंगला केंद्रस्थानी धरून अर्धा किलोमीटर चहूकडे सरकवून बघा. काय शोधायचं?

- निळे चौकोन. हे शेजारच्या बंगल्यांचे पोहण्याचे तलाव. ओळीने पाच-सात दिसले, तर ती पार्ट्यांची वसाहत असण्याची शक्यता मोठी.
- लग्नाचं लॉन किंवा मोठं रिसॉर्ट. नोव्हेंबर ते मे लग्नसराई असते.
- घाटाचा मुख्य रस्ता. चढावर ट्रक गिअर बदलतात तो आवाज रात्री फार जाणवतो. मधे टेकडीची सोंड आड असेल तर बरं.
- खडीची खाण, क्रशर, चालू बांधकाम. चित्र जुनं असू शकतं, म्हणून बांधकामाचं मालकालाही विचारा.

मग लोकांचे अभिप्राय वाचा, पण खालून वर: आधी एक-दोन तारेवाले. त्यात “आवाज”, “म्युझिक”, “डीजे”, “पाणी” हे शब्द शोधा. अभिप्राय देणारा कोणत्या वारी राहिला होता तेही बघा. मंगळवारी राहिलेल्याने “अतिशय शांत” लिहिलं असेल, तर शनिवारबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

सगळ्यांत खात्रीची माहिती शेजारच्या चहाच्या टपरीवर किंवा खानावळीत मिळते. नकाशावर पुष्कळदा त्यांचा फोन असतो. “शनिवारी तिकडे गाणी वाजतात का हो?” एवढं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात.

*सावध:* ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि तक्रारीसाठी ११२ वर फोन करता येतो. पण सुट्टीच्या रात्री पोलिसांची वाट बघत बसावं लागणार असेल, तर ती जागा निवडण्यातच चूक झालेली असते.

६. मालकाला फोन: फोटोत न दिसणारं सगळं

आता फोटो बघा आणि उरलेल्या दोन-तीन बंगल्यांच्या मालकांना फोन करा. मध्यस्थाशी बोलणं झालं तरी केअरटेकरशी एकदा बोलाच. टाकी कधी रिकामी होते हे त्याला माहीत असतं.

पाणी. शहरी पाणीपुरवठ्याचं सर्वसाधारण प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. २० जणांना त्या हिशेबाने २,७०० लिटर. छतावर हजार लिटरची एकच टाकी असेल तर सकाळच्या अंघोळींतच ती तळ गाठेल. विचारा: टाक्या किती लिटरच्या, पाणी बोअरचं की टँकरचं, आणि वीज गेल्यावर पंप कशावर चालतो? एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर टँकर कुणी आणि कुणाच्या खर्चाने मागवायचा, हेही.

गरम पाणी. १५ लिटरच्या गिझरमधून थंड पाणी मिसळून दोनेक बादल्या निघतात, मग पुन्हा थांबा. गिझर किती आणि किती लिटरचे ते मोजा. “सोलर आहे” हे पावसाळ्यात उत्तर नव्हे, ढगाळ हवेत पाणी कोमटही होत नाही. अंगणात लाकडावरचा बंब असेल तर फारच छान.

वीज. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, गिझर आणि पंप बहुधा चालत नाहीत. जनरेटर असेल तर तो नेमका कुठे ठेवलाय ते विचारा. आजोबांच्या खिडकीखाली धडधडणारा जनरेटर असेल तर शांत बंगल्याचे पैसे वाया गेले.

पायऱ्या. डोंगरउतारावरच्या बंगल्यात गाडी वर लागते आणि घर खाली असतं. “तळमजला आहे” हे मालकाचं उत्तर खरंच असतं, फक्त त्या तळमजल्यापर्यंत चाळीस पायऱ्या उतराव्या लागतात. फाटकापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का, पावसात शेवाळ धरतं का, असे तीन वेगळे प्रश्न विचारा.

शेवटचा किलोमीटर. टेम्पो ट्रॅव्हलर फाटकापर्यंत येते का आणि तिथे वळते का? कच्चा चढ असेल तर अंधारात सामान आणि माणसं छोट्या गाडीने खेपा करून न्यावी लागतात.

स्वयंपाक. इथे घरातल्या बायकांची सुट्टी ठरते, म्हणून हा विषय “बघू तिकडे” म्हणून सोडू नका. वीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आई-काकूंनी करायचा असेल, तर त्यांनी फक्त स्वयंपाकघर बदललं. गावातली स्वयंपाकाची मावशी किंवा आचारी मिळेल का, माणशी दर काय, त्यात चहा-नाश्ता किती वेळा, भांडी कोण घासणार, जैन किंवा उपासाचं वेगळं होईल का, तिखट कमी करतील का, हे ठरवून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट: नाश्ता आठला मिळतो, पण आजोबांना साडेपाचला चहा लागतो. स्वयंपाकघर रात्री कुलूपबंद होत असेल तर किल्ली मागून ठेवा.

तलाव, दरी, ओढा. तलावाला कुंपण आणि रात्री कुलूप आहे का? गच्चीचा कठडा चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यापेक्षा उंच आहे का? “बंगल्याशेजारी खासगी धबधबा” अशी जाहिरात दिसली तर पावसाळ्यात दुप्पट सावध राहा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. डोंगरावर वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

दवाखाना. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे, आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठे मिळतं? रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे, पण बंगल्यात रेंजच नसेल तर फोन कुठून लागतो तेही केअरटेकरला विचारून ठेवा.

*तपासा:* दुसऱ्या पायरीतल्या पाच-सहा अटी पुन्हा वाचा. एक जरी बसत नसेल तर बंगला सोडा. “जमवून घेऊ” असं ज्या अटीबद्दल म्हणता, तिच्यावरूनच तिथे जाऊन वाद होतो.

७. व्हिडिओ कॉल, तोही चालता

कुणी जवळ राहणारं असेल तर स्वतः जाऊन बघणं सर्वांत चांगलं. नाहीतर केअरटेकरला व्हिडिओ कॉल करायला सांगा. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ नको. फाटकापासून सुरुवात करून त्याने चालत दाखवावं: पायऱ्या, तळमजल्याची खोली, प्रत्येक बाथरूम, टाकी, स्वयंपाकघर, मग चारी बाजूंचे शेजारी. शक्य असेल तर शनिवारी रात्री नऊनंतर आणखी एक साधा फोन करा आणि त्याला दोन मिनिटं अंगणात उभं राहायला सांगा. मागे काय ऐकू येतं ते ऐका.

कॉल टाळणाऱ्याला पैसे देऊ नका. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून विसार उकळणारे पुष्कळ आहेत. खात्यावरचं नाव मालकाच्या किंवा त्याच्या संस्थेच्या नावाशी जुळतं का ते पैसे पाठवण्याआधी बघा. फसलात तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करा.

८. विसार आणि लेखी ठराव

तोंडी ठरलेलं सगळं एका निरोपात लिहून मालकाला पाठवा आणि “मान्य आहे” असं उत्तर आल्यावरच विसार भरा. असा निरोप पुरतो:

“नमस्कार. अमुक तारखेपासून दोन रात्री, मोठे १२, मुलं ७, ड्रायव्हर १. सात खोल्या, तळमजल्याची कमोडवाली खोली धरून. हॉलमध्ये गाद्या नकोत. पांघरुणं २५. ड्रायव्हरची झोपायची आणि जेवणाची सोय. चहा-नाश्ता आणि दोन जेवणं माणशी ठरल्याप्रमाणे. आवारात दुसरा ग्रुप नसेल. घाट बंद झाला किंवा प्रशासनाने पर्यटकांना मनाई केली तर विसार परत किंवा तारीख बदलून. अनामत परत निघतानाच. मान्य असल्यास कळवा.”

“आवारात दुसरा ग्रुप नसेल” हे वाक्य गाळू नका. चार बंगल्यांच्या आवारातला एकच तुम्ही घेतला असेल आणि उरलेल्या तिघांत मित्रमंडळी उतरली, तर मालकाने खोटं काहीच सांगितलेलं नसतं. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतात, तेव्हा पैशांचं काय हेही आधीच ठरलेलं हवं.

घरातली वर्गणी विसाराआधी गोळा करा. मुलांचं अर्धं धरायचं का, एक रात्र येणाऱ्यांचं किती, हे पैसे बघणाऱ्याने एकदाच सांगावं.

९. निघण्याआधी खोल्या वाटा, पोचल्यावर अर्धा तास द्या

कोणती खोली कुणाची हे घरीच ठरवून ग्रुपवर टाका. दारात पोचल्यावर वाटप सुरू झालं की दरीकडच्या खोलीवरून रुसवे होतात आणि तळमजल्याची खोली सामान ठेवण्यात जाते. दुपारी दोन ते चार घरात शांत राहायचं, मुलांनी अंगणात खेळायचं, हेही मुलांना आधीच सांगा. आयत्या वेळी सांगितलं की ते ओरडणं ठरतं.

उजेड असताना पोचा. सामान उतरवायच्या आधी दोघांनी घरभर फिरून घ्यावं: टाकी भरलेली आहे का, प्रत्येक गिझर सुरू होतो का, कमोडला पाणी येतं का, गॅस सिलिंडर भरलेला आहे का, तलावाचं कुंपण आणि गच्चीचा दरवाजा बंद होतो का. जे मोडकं दिसेल त्याचा लगेच फोटो काढून मालकाला पाठवा, म्हणजे निघताना अनामतीतून त्याचे पैसे कापले जाणार नाहीत. महाबळेश्वर-माथेरानला माकडं खिडकीतून आत शिरतात, तेव्हा खाऊच्या पिशव्या पहिल्यांदा कपाटात ठेवा. मग केअरटेकरला रात्रीचं जेवण किती वाजता लागेल ते सांगा आणि साडेपाचच्या चहासाठी स्वयंपाकघराची किल्ली मागून घ्या.